क्लब खासगी आहे म्हणजे नेमकं काय?

‘क्लब आमचा, कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू.’ पुरुषांपुरत्या क्लबांची बाजू मांडताना हे वाक्य हमखास येतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. चार मित्र दर गुरुवारी पत्ते कुटायला जमत असतील तर पाचवा कोण घ्यायचा हे सरकारनं सांगू नये. पण त्या चारांचे चारशे झाले, वर्गणी कंपनीच्या खात्यातून यायला लागली, की ‘आमचा’ म्हणजे कुणाचा हे विचारावंच लागतं.

याचं सगळ्यात कसून दिलेलं उत्तर रोटरीच्या खटल्यात सापडतं. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही रोटरीचं चाक असलेली पाटी दिसते. पण १९८९ पर्यंत या संघटनेच्या घटनेत सभासद फक्त पुरुष होता, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. त्यातला ‘पुरुष’ हा शब्द काढा असा प्रस्ताव १९५० सालीच गेला होता, आणि तो पाठवणारा क्लब भारतातला होता. पुढे काही झालं नाही.

झालं ते कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावात. तिथल्या क्लबनं १९७७ साली तीन बायकांना सभासद करून घेतलं. मार्च १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं क्लबची सनदच काढून घेतली. क्लब राज्याच्या नागरी हक्क कायद्याखाली कोर्टात गेला, आधी हरला, अपिलात जिंकला, आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध ० असा त्याच्या बाजूनं निकाल दिला.

निकालातली वाचण्यासारखी गोष्ट म्हणजे न्यायमूर्तींनी काय काय तपासलं. एकेका क्लबात सभासद किती? कुठे विसाहून कमी, कुठे नऊशेहून जास्त. वरची मर्यादा? नाही. दरवर्षी गळती साधारण १० टक्के, म्हणजे नवे सभासद सतत शोधायचेच. निवडीचं सूत्र काय? गावातल्या प्रत्येक व्यवसायाचा प्रतिनिधी आत यावा. बैठकीला कोण येतं? दुसऱ्या क्लबांचे सभासद, पाहुणे, वर्तमानपत्रवाले. दहातला एक जण दरवर्षी बदलतो आणि ज्याच्या बैठकीला परगावचा अनोळखी माणूसही हक्कानं येऊन बसतो, त्या मंडळाला घरगुती जिव्हाळ्याच्या नात्यांना सरकारी हस्तक्षेपापासून असतं तसं संरक्षण मिळणार कसं? शिवाय बायका बैठकीला येत होत्या, भाषणं करत होत्या, पुरस्कार घेत होत्या, इनरव्हील ही रोटरीशी जोडलेली बायकांची संघटना चालवत होत्या. मग सभासद झाल्यानं संस्थेच्या कामात काय बिघडणार होतं? याचं उत्तर रोटरीला देता आलं नाही.

न्यूयॉर्क शहरानं हाच विचार १९८४ साली मोजमापात बसवला. क्लबात ४०० हून जास्त सभासद, नियमित जेवणाची सोय, आणि सभासद नसलेल्यांकडून किंवा त्यांच्या वतीनं धंद्याच्या कामासाठी नियमित येणारे पैसे, या तिन्ही गोष्टी असल्या की क्लब ‘खासगी’ राहत नाही, भेदभावबंदीचा कायदा त्याला लागू होतो. तिसरी अट सगळ्यात धारदार. सभासदानं गिऱ्हाइकाला जेवायला नेलं आणि बिल कंपनीनं भरलं, किंवा वार्षिक वर्गणीच कंपनीनं भरली, तरी ते यात मोडतं. क्लबचा खरा स्वभाव घटनेपेक्षा पावतीपुस्तकात लवकर कळतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये हा कायदा एकमतानं उचलून धरला.

ब्रिटनचा रस्ता वेगळा आहे आणि पहिल्यांदा वाचताना उलटा वाटतो. २०१० चा समानता कायदा २५ किंवा त्याहून जास्त सभासद असलेल्या आणि निवड करून प्रवेश देणाऱ्या संस्थांना लागू होतो. त्यात फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा क्लब चालवायला मोकळीक आहे. चालत नाही ते अर्धं दार. बायकांना सभासद केलं, वर्गणी घेतली, पण मतदान नाही, शनिवारी सकाळी गोल्फचं मैदान फक्त पुरुषांना, एका दालनात बायकांना मज्जाव, तर तो भेदभाव. दार बंद ठेवलं तर चालतं आणि अर्धवट उघडलं तर नाही, हे विचित्र दिसतं खरं. पण वर्गणी घेऊन दुय्यम वागणूक देणं ही निदान सरळ सरळ फसवणूक आहे. पूर्ण बंद दाराबाबत मात्र मला न्यूयॉर्कची मोजपट्टीच जास्त पटते.

या मोकळिकीमुळे ब्रिटनमधले बदल कोर्टात झाले नाहीत, क्लबांच्या मतपेटीत झाले, आणि तिथे मेख असते नियम बदलायला लागणाऱ्या दोन-तृतीयांश मतांची. स्कॉटलंडमधल्या म्यूरफील्डच्या गोल्फ क्लबात २०१६ साली ६४ टक्के मतं बाजूनं पडूनही बायकांना घेण्याचा ठराव पडला. ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेच्या यादीतून मैदान वगळलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी ८०.२ टक्के झाले! लंडनचा गॅरिक क्लब १८३१ चा. तिथे २०१५ मध्ये ५०.५ टक्के मिळाले, म्हणजे बहुमत असूनही हार. मग वकिलांनी १९२५ च्या मालमत्ता कायद्याचं कलम ६१ पुढे केलं: करार आणि दस्तऐवजांत पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगही येतं. म्हणजे नियमांत ‘तो’ लिहिलंय म्हणून ‘ती’ला बंदी होतीच कुठे? बंदीच नसेल तर नियमबदल नको, साधं बहुमत पुरे. ७ मे २०२४ रोजी ५९.९८ टक्के मतांनी बायकांना प्रवेश मिळाला. जुन्या गणितानं हाही ठराव पडलाच असता.

भारतात घटनेचं कलम १५(२) दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची सार्वजनिक ठिकाणं यांची नावं घेतं. खासगी क्लबचं नाव घेत नाही. दुसरीकडे कलम १९(१)(ग) मध्ये संघटना काढण्याचा हक्क आहे. गुजरातमधल्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये समाजापुरतं सभासदत्व ठेवणारी उपविधी मान्य केली. थोडक्यात, आपल्याकडे भिस्त क्लबच्या स्वतःच्या नियमांवर. आणि ‘मग बचत गटात पुरुष का नाहीत?’ असं कुणी विचारलंच तर गट १० ते २० जणींचा असतो, त्या एकमेकींना ओळखतात आणि पैसा त्यांचाच असतो. रोटरीच्या निकालाची फूटपट्टी लावून पाहा, गट खासगीच ठरतो.

आपल्या क्लबच्या नियमांची प्रत हातात घेतलीत तर ‘पुरुष’ हा शब्द शोधत बसू नका, तो सहसा नसतो. ‘पत्नी’, ‘अविवाहित मुलगी’ आणि ‘मुलगा’ हे शब्द शोधा. सभासदाच्या ‘पत्नीस’ सवलत असेल आणि पतीचा उल्लेखच नसेल, तर बाई स्वतः सभासद होईल हे लिहिणाऱ्याच्या मनातही नव्हतं. मुलाला वयाची अट आणि मुलीला लग्नाची, हा दुसरा नमुना. ‘पुल्लिंगात स्त्रीलिंग येतं’ हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम १३ सांगतं, पण ते केंद्रीय कायदे वाचण्यासाठी आहे. क्लबच्या नियमांसाठी त्यावर विसंबू नका. व्याख्यांमध्ये एक ओळ घाला: ‘सभासद म्हणजे स्त्री अथवा पुरुष.’ ‘पत्नी’च्या जागी ‘पती अथवा पत्नी’ करा.

मात्र आधी नोंदणी कशाखाली आहे ते पाहा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर उद्देश बदलायला दहा दिवसांची सूचना, तीन-पंचमांश मतं, आणि महिन्यानंतर दुसऱ्या सभेत पुन्हा तीन-पंचमांश लागतात. बाकीचे नियम त्यांच्यातच लिहिलेल्या पद्धतीनं बदलतात. कंपनी असेल तर बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट हवीत, आणि कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी असेल तर वर सरकारची पूर्वपरवानगी. आणि एक कलम हमखास नजरेतून सुटतं: सभासद वारला की त्याच्या पत्नीचं कार्ड आपोआप रद्द होतं का, की तिला स्वतःच्या नावानं, मतासकट, पुढे राहता येतं?