डिले लूपमध्ये हलवताना

गिटार अ‍ॅम्पचा गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) वाढवला की माझ्या डिलेचा, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलचा, पार चिखल व्हायचा. पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे होतं, त्यामुळे प्रत्येक रिपीट मूळ सुराबरोबरच प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात, शिरायचा आणि दोन्ही एकत्र डिस्टॉर्ट व्हायचे. विरत जायला हवेत ते रिपीट्सही कॉम्प्रेस होऊन पुढे यायचे.

इफेक्ट्स लूप असतो प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा शेवटचा टप्पा) यांच्या मधे. म्हणजे डिस्टॉर्शन आधी, डिले नंतर. अ‍ॅम्पच्या मागच्या सेंडमधून (सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) पेडलच्या इनपुटला एक केबल, पेडलच्या आउटपुटमधून रिटर्नला (सिग्नल परत घेणारं सॉकेट) दुसरी. दोन्ही साध्या शील्डेड गिटार केबल. स्पीकर केबल इथे चालत नाही, गुरगुर पकडते.

जोडणी झाली, पण जोरात स्ट्रम केलं की पेडलमधून कडकड ऐकू यायची. लूपमधला सिग्नल थेट गिटारमधून येणाऱ्यापेक्षा बराच तगडा असू शकतो आणि पायाखालच्या पेडलला तो झेपेलच असं नाही. सुदैवाने अ‍ॅम्पच्या मागे लूपच्या सिग्नलची पातळी ठरवणारा +४ आणि −१० असा स्विच होता. −१० वर टाकला आणि कडकड गेली.

खरा वेळ खाल्ला तो पुढच्या गोष्टीने. रिपीट्स आता छान सुटे यायचे, पण मूळ आवाज पोकळ वाटायला लागला, खालचे सूर तर कुणी कापून नेल्यासारखे. माझ्या अ‍ॅम्पचा लूप पॅरलल आहे: मूळ सिग्नल आतून सरळ जातो आणि पेडलमधून आलेला त्यात मिसळतो. डिजिटल पेडलसुद्धा मूळ सूर बाहेर सोडत असेल, तर तो किंचित उशिरा पोचतो आणि काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. मग पेडलचा मिक्स पूर्ण वेटवर, १०० टक्के, म्हणजे मूळ सूर बंद आणि फक्त रिपीट्स, असा नेला आणि किती डिले हवा ते फक्त अ‍ॅम्पच्या लूप नॉबवर ठरवायला लागलो. आवाज लगेच भरला. पाम म्यूट केलेला (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) रिफ ठोस वाजतो आणि त्याच्या मागे रिपीट्स वेगळे मोजता येतात, हे ऐकायला फार सुंदर वाटतं!

रिव्हर्बही (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) मग लूपमध्येच नेला. वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह ही पेडलं मात्र गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधेच ठेवली. फेझर लूपमध्ये चालतो, पण मला तो गेनच्या आधीच आवडतो, जास्त चावरा लागतो. ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा इफेक्ट) मात्र पॅरलल लूपमध्ये लावू नका, मूळ सूर खालून सतत वाजत राहतो.

मास्टर व्हॉल्यूम इतका वर नेला की पॉवर अ‍ॅम्पच डिस्टॉर्ट होतो, तर रिपीट्स पुन्हा गढूळ होतात, कारण पॉवर अ‍ॅम्प लूपच्याही नंतर येतो. म्हणून गेन मी प्रीअ‍ॅम्पमधूनच घेतो.