गोएचा लाच्या वाटेवर

सिक्कीममधल्या गोएचा ला या खिंडीच्या ट्रेकला मी गेले तेव्हा पन्नाशी उलटली होती. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांच्या औषधांच्या वेळा माझ्या डोक्यात अशा बसल्या होत्या, की त्या गेल्यावरही रात्री दोनला मला जाग यायचीच. उठून करायचं मात्र काहीच नसायचं. मुलगाच म्हणाला, "आई, तू जाऊन ये कुठेतरी." महिन्याभरात मी सिंहगड चढायला सुरुवात केली.

ट्रेक युकसोमपासून सुरू होतो. १६४२ साली सिक्कीमच्या पहिल्या चोग्यालचा, म्हणजे राजाचा, राज्याभिषेक याच गावात झाला. तिथलं दगडी सिंहासन आजही बघायला मिळतं. गावापासूनच कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं, झुलते पूल लागतात. त्शोकाच्या मुक्कामापुढची फेडांगपर्यंतची चढण दमवणारी आहे. वाटेवर ओंडके अंथरलेत, ते धुक्याने ओले होतात आणि दोन्ही बाजूंना ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो. तिथले लोक त्याला गुरांस म्हणतात. गडद लाल फुलांचा अक्षरशः सडा पडला होता. सामान वाहणारे झो, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातली जनावरं, घंटा वाजवत मागून आले, की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, एवढं पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं.

झोंगरी ४,००० मीटरवर आहे. हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो. शरीराला सवय व्हावी म्हणून तिथे एक दिवस मुक्काम वाढवतात. तो दिवस मला सगळ्यात जड गेला. डोकं ठणकत होतं, जेवण नको वाटत होतं. आमचा गाइड युकसोमचाच, माझ्या मुलाच्या वयाचा. सकाळ-संध्याकाळ तो माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वहीत टिपायचा. "दीदी, पानी पिया? कितना पिया?" असं विचारून बाटली हातात घेऊन बघायचा. लसणाचं गरम सूप समोर ठेवून मी ते संपवेपर्यंत बसून राहायचा. झोपताना स्लीपिंग बॅगेत पायाशी गरम पाण्याची बाटली आणून ठेवायचा. घरात इतकी वर्षं हे सगळं मी दुसऱ्यांसाठी केलं होतं. माझं जेवण झालं का, असं विचारून कुणी उत्तराची वाट बघितल्याचं मला आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. मग मी ते घेऊ लागले, आणि घेता येतंय याचाच आनंद व्हायला लागला.

लामुनेच्या मुक्कामावरून मध्यरात्रीनंतर टॉर्चच्या उजेडात निघालो. समिती तलाव अंधारातच मागे पडला. पुढे मोकळ्या दगडांची चढण. चार पावलं टाकायची, काठीवर टेकायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा चार पावलं. त्या वेळी डोक्यात दुसरं काही मावतच नाही. वर्षानुवर्षं चालू असलेल्या त्या याद्या, हिशेब, उद्याची कामं सगळं थांबलं होतं.

पहिल्या व्ह्यू पॉइंटला, म्हणजे सुमारे ४,६०० मीटरवर पोहोचलो तेव्हा फटफटत होतं. बहुतेक ट्रेकर्स इथूनच परत फिरतात. समोर कांचनजंगा, ८,५८६ मीटर. सिक्कीमच्या लोकांचं ते दैवत. १९५५ साली पहिल्यांदा वर गेलेले ब्रिटिश गिर्यारोहक चोग्यालला दिलेला शब्द पाळून अगदी माथ्याच्या काही पावलं आधी थांबले होते. हे गाइडने रात्री जेवताना सांगितलं होतं, आणि त्याच्या आवाजातला अभिमान मला फार आवडला होता. शिखराच्या टोकाला तांबूस ऊन लागलं आणि मला रडू फुटलं. सासूबाई गेल्या तेव्हा पाहुणे, विधी, तेराव्याचा स्वयंपाक यात रडायचं राहून गेलं होतं. ते तिथे आलं. गाइड जरा बाजूला जाऊन उभा राहिला, आणि मग थर्मासमधला चहा त्याने न बोलता पुढे केला.

उतरताना त्शोकाला मी सलग सकाळपर्यंत झोपले.

माझ्या वयाच्या बायका विचारतात, जमेल का. डॉक्टरांकडून रक्तदाब, हृदय तपासून घ्या, आणि झोंगरीचा जादा मुक्काम वगळणाऱ्या कुणाबरोबरही जाऊ नका. फुलं हवी असतील तर एप्रिल-मे, स्वच्छ आकाश हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. आता माझ्या नणंदेला जायचंय. आईच्या आजारपणात तीही खूप थकली. दर रविवारी आम्ही दोघी आतकरवाडीतून सिंहगड चढतो. न थांबता, बोलत बोलत वर पोहोचायला लागली की तिचं नाव नोंदवायचं, असं ठरलंय.