पोटऱ्या

आमच्या घराण्यात पोटऱ्या जाड. बाबांच्या, दोन्ही काकांच्या आणि माझ्याही. कोपरखैरण्याच्या बाजारात लेगिंग घ्यायला गेलं की कंबर बरोबर बसते, कापड अडतं ते पोटरीपाशी. आत्या म्हणते, “पणज्याच्या हायत त्या. लाजतीस कशाला?” पणजोबांचा फोटो नाही, सहीचा कागद नाही. सातबाऱ्यावर नाव तेवढं आहे. वारसा म्हणून दाखवायला आमच्याकडे हीच काय ती वस्तू.

पणजोबा कोयनेच्या खोऱ्यातले, जावळीकडचे. सपाट जमीन म्हणजे नदीकाठची थोडी भातखाचरं, बाकी सगळा डोंगर. उतार असा उभा की नांगर चालायचा नाही, कुदळीनेच खणायचं. उन्हाळ्यात फांद्या तोडून, पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा. पहिल्या पावसाला त्यावर नाचणी पेरायची आणि रोपं वर आली की डोक्यावर इरलं घेऊन, चिखलात वाकून लावणी. एका तुकड्यात पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा. मग तो तुकडा रानाला परत द्यायचा आणि कुदळ खांद्यावर टाकून पुढच्या उताराला लागायचं. जमीन दमते आणि तिला सुट्टी द्यावी लागते, हे त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःला मात्र त्याने सुट्टी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

पीक उभं राहिलं की राखण. रानडुकरं एका रात्रीत शेत लोळवतात, म्हणून माळ्यावर बसून डबा बडवत जागायचं. एवढं करून जी नाचणी घरात यायची ती कणगीत भरायची. तिला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. एखादं साल वाईट गेलं तर जुनी कणगी उघडायची, हाच विमा. 2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा आमच्या सोसायटीत नाचणीच्या कुकीज वाटल्या होत्या. आजीने एक चावली आणि उरलेली बाजूला ठेवून विचारलं, “हिच्यात नाचणी कुठंय?”

मीठ मात्र डोंगरात पिकत नाही. त्यासाठी घाट उतरून खेडला जायचं. जाताना हिरडा, तूप, असेल तर मध. येताना मीठ आणि सुकी मासळी. आता रघुवीर घाटातून गाडी जाते. तेव्हा पायवाट होती, आणि येतानाचं ओझं जास्त जड असायचं. पोटऱ्यांचा उगम बहुतेक इथलाच. गंमत अशी की त्यांची पतवंडं आता ठाण्याच्या खाडीकाठी राहतात, जिथे एकेकाळी मिठागरं होती. मीठ आम्ही ऑनलाइन मागवतो.

मग कोयनेचं धरण आलं. साठच्या दशकात शिवसागराचं पाणी चढत गेलं आणि पहिल्यांदा बुडाली ती भातखाचरं. सपाट होतं तेवढं गेलं, चढ उरला. कुणाला सरकारने रायगड-ठाण्याकडे जमिनी दिल्या. आमचं घर आणखी वर सरकलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने त्या नव्या घराच्याही भिंती पाडल्या. पुढचे कित्येक दिवस सगळे अंगणात झोपत होते म्हणे, डिसेंबरच्या थंडीत.

आजोबा त्याआधीच मशीद बंदरला पोत्याखाली गेले होते. खोलीत पाळीने झोपायचं, खाणावळीत जेवायचं आणि गावी मनीऑर्डर. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना एकत्र केलं, 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. पुढे बाजार तुर्भ्याला आला तशी आमची माणसंही खाडी ओलांडून आली आणि माथाडी वसाहतीत स्थिरावली. बाबा पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. नवी मुंबई सपाट असली तरी आमच्या वाट्याचा चढ असा सोबत आला. चुलतभावाने मात्र परवा जिममध्ये पोटऱ्यांसाठी वेगळे पैसे भरले. घरात दोन दिवस हसण्यावारी गेले.

हे सगळं पणजोबांच्या नावावर जमा आहे. मला त्यात थोडी शंका येते. झऱ्यावरून हंडे आणायची पणजी, लाकडाची मोळी पणजीची, लावणीत पुढे पणजी, पहाटे जात्यावर पणजी, आणि यात कुठेतरी सहा पोरांची बाळंतपणं. चढ मोजायचाच झाला तर तिचा जास्त भरेल. मग या पोटऱ्या तिच्याकडून आल्या नसतील कशावरून? आजी तिची सून, तिच्याबरोबर राबलेली. तिला विचारलं, “पणजीच्या पोटऱ्या कशा होत्या गं?”

“मला काय ठावं?” आजी म्हणाली. “अंधारात जायची, अंधारात यायची. बघितल्यात कुणी?”