हळदीचं बी

"हळदीचं बी कुणी पाहिलंय का रे?" दहावीच्या वर्गात सरांनी विचारलं आणि सगळ्यांचे हात वर गेले. वसमतकडची लेकरं आम्ही. (तेव्हा जिल्हा परभणी, हिंगोली १९९९ ला वेगळा झाला.) हळद लावण्यापासून शिजवण्यापर्यंत सगळं अंगाखालून गेलेलं. सर हसले. "ते बेणं झालं, लावायचे गड्डे. मी बी विचारतोय." हात एकेक करून खाली आले.

मग पिशवीतून हळदीचा जेठा, म्हणजे मधला मोठा गड्डा निघाला. हे मूळ नव्हे, जमिनीतलं खोड. याच्या डोळ्यातून फुटतं ते जुनंच झाड पुढं चालू राहतं, नर-मादीचा संबंधच नाही. म्हणून एका वाणाचं अख्खं रान एकाच साच्यातलं. जो करपा रोग एका झाडाला सोसत नाही, तो शेजारच्यालाही सोसत नाही. पुढं परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना यामागचं कारण कळलं. हळदीची गुणसूत्रं ६३, म्हणजे २१ चे तीन संच. बी धरायला गुणसूत्रांच्या जोड्या लागतात; त्या लावायला गेलं की तिसरा संच उरतोच. त्यामुळं फुलोरा येतो, पण बी धरत नाही. हळदीसारखीच नर-मादीशिवाय वाढणारी अमीबा, हायड्रा, भाकरीवरची बुरशी हे सरांनी एका तासात उरकलं.

मग माणसाच्या प्रजननाचा धडा आला. आमच्या आधीच्या पोरांना तो 'घरी वाचा' म्हणून मिळालेला. सरांनी शिकवला. मुली वहीत डोकं घालून बसल्या, आम्ही पोरं उगाच खोकत होतो.

"लेकराला आईकडून २३ गुणसूत्रं, बापाकडून २३. दर वेळी वाटणी निराळी, म्हणून सख्खी भावंडंही एकसारखी नसतात. आणि आईजवळ द्यायला एक्सच असतो. पोरगा होतो तो वायमुळं, आणि वाय आला तर बापाकडूनच येतो. पोरगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं."

मी चार बहिणींच्या पाठीवरचा. संध्याकाळी आजीला हे जसंच्या तसं सांगितलं. आजी म्हणली, "तुझ्या सराला काय कळतंय! लेकरं बाई जन्माला घालती का बाप्या?" बाबा उठून गोठ्याकडं गेले. आई चुलीपुढं होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

सकाळी दप्तरात एक जास्तीचा डबा होता. धपाटे, वर लोण्याचा गोळा.

"सरांना दे," आई म्हणली.