बर्लिनमधला बारा हजार टनांचा पुरावा

"हिटलर जिंकला असता ना, तर आपण सत्तेचाळीसच्या आधीच सुटलो असतो."

बर्लिनला राहते म्हटलं की फोनवर, लग्नकार्यात, फॅमिली ग्रुपवर कुणीतरी हे ऐकवतंच. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. पण गेल्या महिन्यात मामा-मामी आले होते आणि मामांनी हेच वाक्य नेमकं त्या जागी उभं राहून म्हटलं, जिथं ते माझ्याच्यानं ऐकवेना. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ती जागा टेम्पलहोफ भागात, ज्युडक्रॉइत्स स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. रस्त्याच्या कडेला, घरांच्या शेजारी, काँक्रीटचं एक प्रचंड नळकांडं उभं आहे. खिडक्या नाहीत, नक्षी नाही. व्यास 21 मीटर, जमिनीवर उंची 14 मीटर आणि जमिनीखाली 18 मीटर खोल पाय. एकूण वजन 12,650 टन. 1941 साली हिटलरच्या राजवटीनं बांधलं. कशासाठी? तर जमीन किती वजन पेलते ते बघण्यासाठी!

सिव्हिलवाल्यांना पटकन कळेल: ही प्लेट लोड टेस्ट आहे. आपण साइटवर लोखंडी प्लेट ठेवून, जॅक लावून खालची माती किती दबते ते मोजतो, तेच यांनी डोंगराएवढ्या मापात केलं. खालचा पाया फक्त 100 चौरस मीटरचा ठेवला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेबारा किलोपेक्षा जास्त दाब. आतल्या खोल्यांतून मोजमापं घेतली. अडीच-तीन वर्षांत ते 19 सेंटिमीटर खचलं. बर्लिनखाली हिमयुगात साठलेली वाळू आणि चिकणमाती आहे, तिला हे ओझं झेपणारं नव्हतंच. मी ही माहिती वाचताना आधी इंजिनिअर म्हणून थक्क झाले, आणि मग आपण कशाचं कौतुक करतोय हे लक्षात येऊन अंगावर काटा आला.

कारण या चाचणीवर उभी राहणार होती हिटलरच्या विजयाची कमान. 117 मीटर उंच. पॅरिसची कमान 50 मीटरची आहे, ती हिच्या पोटात सहज मावली असती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या 18 लाख जर्मन सैनिकांची नावं हिच्यावर कोरायची होती. कमानीपासून सरळ उत्तरेला एक अतिभव्य रस्ता आणि त्याच्या टोकाला 290 मीटर उंचीचं घुमटाचं सभागृह, एका वेळी 1,80,000 माणसं उभी राहतील एवढं. हिटलरचा वास्तुविशारद आल्बेर्ट श्पेअर यानं आखलेली ही जगाची राजधानी 1950पर्यंत तयार व्हायची होती. विजयानंतरचं जग कसं असेल याची कल्पना करायला आपल्याला कादंबरी लागते. यांनी नकाशे काढले होते आणि माती तपासून घेतली होती.

आणि विजयाची वाटही पाहिली नव्हती. शहरातला जुना विजयस्तंभ 1938-39मध्येच उचलून याच आराखड्यातल्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर नेऊन ठेवला, आज पर्यटक त्याच जागी फोटो काढतात. त्या रस्त्यावरचे श्पेअरच्या आराखड्याचे दिवे आजही लागतात. दगड आणि विटांसाठी छळछावण्यांना जुंपलं: माउटहाउसेन आणि फ्लोसेनब्युर्गच्या ग्रॅनाइटच्या खाणी, झाक्सेनहाउसेनची वीटभट्टी. पाडापाडीत बेघर झालेल्या जर्मनांना घरं हवीत म्हणून ज्यूंना त्यांच्या घरांतून बाहेर काढलं. इथल्या फुटपाथवर उंबऱ्यासमोर पितळेचे छोटे चौकोन बसवलेले असतात, त्यावर त्या घरातून नेलेल्या माणसाचं नाव, जन्मवर्ष, आणि कुठं मारलं ते लिहिलेलं असतं. मी रोज अशा नावांवरून ऑफिसला जाते.

युद्धानंतर हे नळकांडं सुरुंगानं उडवता येईना, शेजारी लोक राहतात. मग त्यांनी ते ठेवलं. 1995 साली संरक्षित वास्तू केलं, पुढं शेजारी पाहायला मचाण आणि माहितीचे फलक लावले. कुरूप, निरुपयोगी, शरमेची गोष्ट. पण ठेवली, आणि खाली खरं काय ते लिहिलं. या एका गोष्टीसाठी मी या देशाला मानते. पुण्यात फुटपाथवर हिटलरचं पुस्तक यशाच्या मंत्रांच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं आणि कॉलेजची मुलं ते शिस्तीसाठी घेतात, हे इथं कुणाला सांगायची मला लाज वाटते.

पण लाज वाटते म्हणून काहीही ऐकून घेईन असं नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला विचारलं होतं, तुमच्या नेताजींनी हिटलरशी हात कसा मिळवला? मी सांगितलं, ज्याच्या देशावर दुसऱ्याचं राज्य नव्हतं त्यानं हा प्रश्न जरा जपून विचारावा. नेताजींनी याच बर्लिनमध्ये आझाद हिंद केंद्र उभं केलं, रेडिओ चालवला, 'जय हिंद' इथं रुजवलं. आणि मे 1942मध्ये हिटलरला भेटून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा मागितली. ती मिळाली नाही. फेब्रुवारी 1943मध्ये ते पाणबुडीतून निघून गेले. शिवाय ज्या मित्रराष्ट्रांच्या विजयानं तुमची सुटका झाली, त्यात आमचे 25 लाख सैनिक होते. माणगावकडचे यशवंत घाडगे इटलीत एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथंच पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव सेनिओ नदीकाठी सुरुंगांतून जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आले. त्या सहकाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला त्याचा राग अजून आहे.

तर मामा. मी त्यांना म्हटलं, मामा, हिटलरनं 1937 साली ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्सला सल्ला दिला होता की गांधींना गोळी घाला म्हणजे प्रश्न मिटेल. रशिया हाच आमचा हिंदुस्थान होईल, असं तो आपल्या माणसांना सांगायचा. म्हणजे इंग्रज आपल्यावर राज्य करतात ही त्याच्या लेखी कौतुकाची, उचलण्याजोगी गोष्ट होती. आपल्याला सोडवणार कोण होतं?

मामा म्हणाले, "अगं, पण इंग्रजांनी तरी काय कमी केलं?"

काहीच कमी केलं नाही. 1943च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसं मेली आणि लंडनमधले लोक जहाजं नाहीत म्हणून सांगत राहिले. ते मी कुणालाही माफ करायला सांगणार नाही. पण एका जुलमावरचा राग दुसऱ्या जुलमाचं प्रमाणपत्र कसा होईल?

आणि 'असता तर' म्हणायची गरजच नाही. आपल्या एका तुकड्यावर ते राज्य खरोखर आलं होतं. मार्च 1942मध्ये हिटलरच्या बाजूनं लढणाऱ्या जपान्यांनी अंदमान घेतलं. डिसेंबर 1943मध्ये नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, तेव्हा इंडियन इंडिपेंडन्स लीग या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेचं तिथलं काम बघणारे डॉक्टर दिवाणसिंग हेरगिरीच्या संशयावरून सेल्युलर जेलमध्ये होते. छळ सोसून 14 जानेवारी 1944ला ते गेले. 30 जानेवारीला होंफ्रेगंजला 44 जणांना गोळ्या घातल्या, त्यातले बहुतेक त्याच लीगचे. ऑगस्ट 1945मध्ये, शरणागती अगदी तोंडावर असताना, शेकडो लोकांना बोटींतून नेऊन हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. फार थोडे जगले.

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. मलाही शाळेत कुणी शिकवलं नाही. सावरकरांची कोठडी बघायला महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात बसभर माणसं सेल्युलर जेलला जातात, मामा-मामीसुद्धा जाऊन आलेत. होंफ्रेगंज पोर्ट ब्लेअरपासून गाडीनं जाण्यासारखं आहे, तिथं स्मारक आहे. टूरवाल्यांच्या यादीत नसेल तर मागून घ्या, आणि जाऊन आल्यावर फॅमिली ग्रुपवर फोटो टाका.