पहिल्याच दिवशी निम्मं

सांगली, मंगळवार रात्र

इलायझाच्या (प्रथिन मोजायच्या चाचणीच्या; जितकं प्रथिन तितका पिवळा) प्लेटमधला पहिल्या दिवसाचा खळगा इतका गर्द पिवळा की रीडरनं आकडाच दिला नाही. पुढचे फिकट, शेवटचे तर नुसतं पाणी. सांगलीत पिवळ्याचं कौतुक हळदीला. इथे पोटात गोळा येतो. तुटलेला मज्जातंतू वाढवणारं जीडीएनएफ हे प्रथिन आमच्या मायक्रोस्फिअरमधून, म्हणजे पॉलिमरच्या बारीक गोळ्यांतून, हळूहळू झिरपायला हवं. नमुना पातळ करून वाचला, तर निम्मं प्रथिन चोवीस तासांतच बाहेर.

पगार हातात पडल्या संध्याकाळीच उडवावा तसं. मज्जातंतू रोज जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. ऊसतोडीच्या कोयत्यानं कोपराशी अल्नर हा हातातला मज्जातंतू तुटला, तर पंजापर्यंत पाव मीटरहून जास्त वाट. दीडेक वर्षात अ‍ॅक्सॉन (मज्जातंतूतला वाढता धागा) पोचला नाही तर स्नायू गेला म्हणायचा. आणि आमचे मायक्रोस्फिअर पहिल्याच दिवशी अर्धे रिकामे. कुणासाठी चाललंय हे सगळं... जाऊ दे.

निम्मं! कारण काही गूढ नाही. डायक्लोरोमिथेन या द्रावकात पीएलजीए (गोळ्यांचं झिजणारं पॉलिमर), त्यात प्रथिनाच्या पाण्याचे थेंब, आणि ते सगळं पीव्हीएच्या (थेंब एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पदार्थाच्या) पाण्यात. आतल्या थेंबात बफरचे क्षार, बाहेर क्षार नाहीत; मग पाणी आत ओढलं जातं, थेंब फुगून पृष्ठभागाला भिडतात. वाळवल्यावर तिथे भोकं राहतात, आणि पहिलं धुऊन निघतं ते तिथलंच. पीएलजीएतलं लॅक्टिक-ग्लायकोलिकचं प्रमाण 50:50 ऐवजी 75:25 घ्या, असं कुणीतरी सुचवतंच. त्यानं पॉलिमर हळू झिजतं. पहिला लोंढा त्यानं अडेलच असं नाही.

फिकट खळग्यांचं दुखणं आणखी वेगळं. झिजताना आम्ल आत साचतं, प्रथिनाच्या गुठळ्या होतात, इलायझातली अँटिबॉडी त्या ओळखत नाही. उरलेले गोळे विरघळवून एकूण प्रथिन मोजल्याशिवाय ते संपलं की अडकलं, कळणार नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडनं आम्ल मारता येतं, पण ते नंतर.

तरी निम्मं म्हणजे... आणि समजा, महिनोन्‌महिने भरपूर झिरपलं असतं, तर? जीडीएनएफ एका जागी फार झालं की अ‍ॅक्सॉन तिथेच गुंता करून बसतात, पुढे सरकतच नाहीत. उपाशी ठेवलं तर मरतात, लाड केले तर हलत नाहीत. असल्या गिऱ्हाइकासाठी रोज सारखंच झिरपण्याचा, सरळ रेषेचा आलेख मागणारे आपणच शहाणे.

उद्या पीव्हीएच्या पाण्यात 5 टक्के मीठ घालायचं, बाकी काही बदलायचं नाही. पीएलजीएची बाटली फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडायची नाही. या पावसाळी हवेत आत दव धरतं आणि गोळे व्हायच्या आधीच पॉलिमर झिजायला लागतं.