बंद रोलरचं सलाईन

मे महिन्यात नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या दवाखान्यात एकच मागणी: "सलाईन लावून द्या ना जी, लय कमजोरी आली." त्या दिवशीच्या मावशींचीही तीच. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, बीपी 110/70, नाडी 84. तोंडानं पाणी जात असेल तर लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट पुरतं. 500 मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये असतं काय? अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. काही डॉक्टर त्यात मल्टिव्हिटामिन टाकून बाटली पिवळीधमक करतात. पेशंटला ही सवय आम्हीच लावली. मीही शेवटी सलाईन लावलंच.

सिस्टरनं शिरेत गुलाबी कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) टाकली, सेटच्या नळीतली हवा काढली, थेंब पडताना दिसतात तो चेंबर अर्धा भरला, रोलर (थेंब कमी-जास्त करायची चकती) बंद करून नळी जोडली. तेवढ्यात ड्रेसिंगचा पेशंट आला आणि रोलर उघडायचा राहिला.

वीस मिनिटांनी गेलो तर मावशी खुशीत. "आता बरं वाटून राहिलं साहेब. हातातून थंड थंड वर चढून राहिलं."

चेंबरमध्ये एक थेंब पडत नव्हता. नशीब, कॅन्युला रक्त गोठून बंद झाली नव्हती. गुपचूप रोलर उघडला, मिनिटाला 40 थेंब. आमच्या सेटचे 20 थेंब म्हणजे एक मिली. म्हणजे बाटलीला चार तासांच्या वर.

कूलरसमोर वीस मिनिटं आडवं झालं की उन्हातून आलेल्या कुणालाही बरं वाटतं, तेवढं वजा करतो. पण हातातून वर चढणारा गारवा कूलरचा नव्हे. इटलीचे संशोधक फाब्रित्सिओ बेनेदेत्तींनी दाखवलंय, की तेच वेदनाशामक पेशंटच्या नकळत यंत्रानं दिलं तर कमी लागू पडतं, समोर दिलं तर जास्त. इथे उलटं झालं: दिसलं सगळं, शिरात गेलं काहीच नाही. 1978 मध्ये दाढ काढलेल्या पेशंटांवरच्या प्रयोगात नॅलोक्झोन (अफूसारख्या औषधांचा परिणाम रोखणारं औषध) दिल्यावर प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाव्याच्या उपचाराचा, आराम ओसरला, म्हणजे शरीर स्वतःची अफूसारखी रसायनं सोडत असणार. पण ते दुखण्याबद्दल. कमजोरीला ते जसंच्या तसं लावणं मला पटत नाही.

2010 च्या अमेरिकेतले संशोधक टेड केपचुकांच्या अभ्यासात आतड्याच्या तक्रारींच्या 80 पेशंटांपैकी काहींना "या गोळीत औषध नाही" असं सांगूनच गोळ्या दिल्या, तरी त्यांना गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. म्हणजे खोटं बोलायलाच हवं असं नाही. तरी मावशींना रोलरचं सांगितलं नाही. केसपेपरवर सलाईन सुरू केल्याची वेळ 11.20 अशीच आहे. पहिला थेंब पडला 11.40 ला.